ओलीची रेघ सरळ होती

माझी रोजीरोटीच ओलीवर चालते. सोलापुरात वॉटरप्रूफिंगच्या मालाचं एक दुकान आहे, तिथं मी नोकरीला आहे. काउंटरवर माल विकतो, आणि ज्यांच्या घरी गळतंय त्यांच्याकडे जाऊन बघूनही येतो. भिंतीला ओल आली की लोक दोनच गोष्टी बोलतात. पहिली म्हणजे बिल्डरनं फसवलं. दुसरी म्हणजे या घरात काहीतरी आहे... आणि दुसरी बोलताना आवाज आपोआप खाली येतो. मी दोन्ही ऐकून घेतो, पिशवीतून ओल मोजायचं मीटर काढतो आणि भिंतीला लावतो. शेवटी सापडतो तो बाथरूमच्या फरशीचा उघडा पडलेला सांधा, नाहीतर गच्चीवरचा तुंबलेला पाइप. इतक्या वर्षांत ते ‘काहीतरी’ मला कुणाच्याही घरी सापडलं नव्हतं. केमिस्ट्री घेऊन बी. एस्सी. झालेला माणूस आहे मी. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा सांगायला जायचो.

त्यामुळे इथं लिहायला बसलोय याचं मलाच नवल वाटतंय. पण कुणाला तरी सांगायला हवं.

आधी एक कामाची गोष्ट सांगतो, कारण पुढं ती लागणार आहे. घरात ओल दिसली तर थांबू नका. आधी मेन स्विच बंद करा. मग पाणी जिथून येतंय ते बंद करा. मग भिंतीला लागून जे असेल ते ओढून बाजूला घ्या. आणि ओल जिथपर्यंत चढलीय तिथं पेन्सिलनं रेघ मारून ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी ती वाढली की उतरली ते कळतं. उद्या बघू म्हणणाऱ्याची भिंत जाते. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. आजही सांगेन.

तर... गोष्ट माझ्या थोरल्या बहिणीची आहे. सुमन तिचं नाव, मी आक्का म्हणतो. आमचं गाव माळशिरस तालुक्यात. घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. मी माळशिरसला हायस्कूल केलं आणि वडील म्हणाले, आता पुरे. तेव्हा नुकतीच लग्न होऊन सोलापूरला आलेली आक्का गावी आली आणि वडिलांना म्हणाली, ह्याला माझ्याकडं द्या. दाजी, म्हणजे तिचे मालक, रेल्वेत होटगीला ट्रॅकवर कामाला. आक्का टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायला जायची. एका खोलीचं बिऱ्हाड, त्यात मी. त्या खोलीत राहून मी ग्रॅज्युएट झालो. आज माझ्या अंगावर जो इस्त्रीचा शर्ट आहे तो तिच्या शिलाईवर आलेला आहे, हे मी विसरत नाही.

सोलापूरचं पाणी कसं येतं हे सोलापूरकरांना सांगायला नको. चार-पाच दिवसांनी एकदा. कधी पहाटे, कधी दुपारी, त्याला वेळ नाही. म्हणून आमच्याकडे कोरड्या दिवसांत नळ बंद करत नाहीत, उघडाच सोडतात. प्रेशर नसल्यामुळे नळ जमिनीत खड्डा करून खाली घेतलेला असतो. त्या खड्ड्यात नळाखाली आक्का एक जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं पालथं घालून ठेवायची. पाणी यायचं झालं की आधी नळातून हवा सुटते, मग थेंब पडतो... आणि पातेलं वाजतं. ठण्. तेवढ्या आवाजावर ती गाढ झोपेतून उठायची. हंडे, पिंप, बादल्या, डबे, शेवटी ताटं-वाट्यासुद्धा भरून ठेवायची. रिकामं भांडं दिसलं की तिचा जीव कासावीस व्हायचा. मी मदतीला उठलो की म्हणायची, “तू वाच. पाण्याचं मी बगती.”

पुढं दाजींनी कुंभारीच्या बाजूला, कामगारांच्या घरांच्या वसाहतीत एक घर घेतलं. पुढची खोली, आतली खोली, मागं मोरी. दाराबाहेर कट्टा आणि कट्ट्याला लागून नळाचा खड्डा. तेच पातेलं तिथंही पालथं पडलं.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुकानात असताना दुपारी आक्काचा फोन आला. म्हणाली, पातेलं वाजलं म्हणून पळत बाहेर गेले तर नळ कोरडा. पातेलं हातात धरवत नाही इतकं तापलेलं. परत आत आले तर आतल्या खोलीची भिंत ओली.

दुसऱ्या कुणाचा फोन असता तर संध्याकाळी आलो असतो. आक्काचा होता, म्हणून तसाच गाडी काढून निघालो. अक्कलकोट रोडला ऊन असं, की हेल्मेटच्या आत घाम उकळत होता.

आतल्या खोलीत गेलो आणि पहिल्यांदा हसूच आलं. जमिनीतून चढणारी ओल कशी असते हे मला झोपेतही सांगता येईल. नकाशासारखी असते, कुठं उंच, कुठं बुटकी, कडेला मिठाचा पांढरा फुलोरा. इथं तसलं काही नव्हतं. चारही भिंतींना, घोट्याच्या जरा वर, सरळ रेघ होती. रेघेच्या खाली रंग गडद, वर कोरडा. कुणीतरी पट्टी धरून रंगवल्यासारखी.

मी म्हणालो, “आक्का, फरशी धुतलीस आणि पाणी साठलं असेल.”

“पाणी कुटं हाय रं धुवायला?” ती म्हणाली. “खालची फरशी बग की.”

फरशी कोरडी होती. नुसती कोरडी नव्हे, धूळ होती तिच्यावर. पण दाराच्या पडद्याची खालची कड ओली. कोपऱ्यातल्या ज्वारीच्या पोत्याचा तळ ओला. कॉटचे पाय रेघेपर्यंत ओले. मी मीटर काढून भिंतीला लावलं. मीटर म्हणालं, कोरडी. दुसरीकडे लावलं. कोरडी. मग तळहात ठेवला भिंतीवर... आणि उचलला तर हात ओला.

सेल गेला असेल म्हणून मोरीच्या भिंतीला लावून बघितलं. तिथं मीटर बरोबर चालत होतं.

पिशवीत लेव्हल बघायची पारदर्शक नळी असते, पाणी भरलेली. गवंडी वापरतात तीच. खोलीच्या फरशीला मोरीकडं उतार आहे, म्हणजे एका टोकाला रेघ फरशीपासून कमी उंचीवर होती आणि दुसऱ्या टोकाला जास्त. मी नळी धरून दोन्ही टोकं तपासली. रेघ लेव्हलमध्ये होती. केसाचाही फरक नाही. ज्यांना बांधकाम कळतं त्यांच्या लक्षात येईल मी काय म्हणतोय. ओल भिंतीतून येत नव्हती. खोलीत पाणी उभं राहिलं असतं, तर त्याचा पृष्ठभाग जसा राहिला असता, तशी ती रेघ होती.

मी पेन्सिलनं खूण केली. आक्काला काहीतरी शास्त्रीय कारण सांगितलं, ते आता आठवतही नाही. तिनं शेंगाची चटणी आणि कडक भाकरी खायला घातली. तासाभरात पाहिलं तर भिंत वाळलेली होती. पेन्सिलची रेघ तेवढी राहिली.

संध्याकाळी दाजी आले. त्यांना सांगितलं तर हसायला लागले. “सायेब आलं, भिंतीची नाडी बगून गेलं,” म्हणाले. “औषध काय दिलं मग? दिवसातनं तीनदा का दोनदा?”

मधे नेहमीप्रमाणे पाणी आलं, आक्कानं भरलं, सगळं ठीक. मग परत कोरडे दिवस सुरू झाले आणि परत फोन. पातेलं वाजलं, नळ कोरडा, भिंत ओली. या वेळी रेघ गुडघ्याला. तशीच सरळ. मी कॉटखालचं सामान ओढलं, ट्रंका बाहेर काढल्या. गव्हाचा पत्र्याचा डबा होता, झाकण गच्च. उघडला तर वरचे गहू खडखडीत, आणि हात खाली घातला तर मऊ, गार... रेघेखालच्या सगळ्या गव्हांना मोड आलेले. डब्याला बाहेरून थेंब नव्हता. मोड यायला रात्र-दोन रात्री लागतात. आक्का म्हणाली, सकाळी त्याच डब्यातले गहू दळायला दिले.

मी छिन्नी घेऊन प्लास्टर फोडलं. आत विटेची लाल भुकटी उडाली. शिंका आल्या इतकी कोरडी. तरी दुसऱ्या दिवशी दुकानातला सगळ्यात भारी माल आणून चारही भिंतींना छातीच्या उंचीपर्यंत दोन हात मारले, निळ्या रंगाचे. शेजारच्या रजियाभाभी कुंपणावरून बघत होत्या. त्यांच्याकडेही नळाखाली घमेलं पालथं असतं. वसाहतीत घरोघर असतं.

त्या म्हणाल्या, “भैया, एक बात पूछू? तुमच्या आक्काचं पातेलं वाजतं ते मला ऐकू येतं. दो बार मी पण बादली घेऊन पळाली. आमचं घमेलं नै वाजत. एकच लाइन आहे ना हमारी?”

लाइन एकच होती.

त्याच सुमारास आक्का खोकायला लागली. आधी वाटलं, प्लास्टर फोडल्याची धूळ. वसाहतीतल्या डॉक्टरांनी बाटली दिली. खोकला गेला नाही. मग आडवं झालं की छाती जड व्हायला लागली. उशीवर उशी ठेवून झोपायची. चार पावलं चालली की थांबायची. मी म्हणालो, माझ्याकडं चल. माझा फ्लॅट होटगी रोडला आहे, मनीषा, म्हणजे माझी बायको, घरीच असते, दवाखाना जवळ. आक्का ऐकेना. आणि कारण काय... तर पाणी.

“उद्या-परवा पाणी येईल. ह्यांची ड्यूटी. म्या न्हाय म्हटल्यावर भरणार कोण?”

“मी टँकर मागवतो, आक्का.”

“नळाला येतंय ते सोडून टँकर? शिकून हेच शिकलास व्हय?”

मी मनीषाला फोन करून सांगितलं की आज मी तिला घेऊनच येतो. त्यासाठी रजा टाकली आणि दुपारीच कुंभारीला गेलो. आक्का आतल्या खोलीत कॉटवर पडली होती. ओठ जरा निळसर वाटले. मी म्हणालो, कपडे भरतो, रिक्षा बोलावतो. ती म्हणाली, थोडी पडते, मग बघू. मी पुढच्या खोलीत येऊन रिक्षावाल्याचा नंबर शोधायला लागलो. बाहेर पांढरं फटक ऊन, वसाहतीत चिटपाखरू नाही.

ठण्.

मी मोबाईलवरून मान वर केली. थोडं थांबून परत. ठण्... ठण्. ज्या आवाजानं कॉलेजची सगळी वर्षं मला जाग आली तोच आवाज. मन आधी आनंदलंच, पाणी आलं म्हणून. मी बाहेर गेलो, खड्ड्यात वाकलो. नळाच्या तोंडाला थेंब नव्हता. पातेल्यावर धूळ होती, आणि त्या धुळीवर काहीही पडत नव्हतं. तरी पातेलं वाजत होतं. मी त्याच्या बुडावर हात ठेवला. चटका बसला. हाताखाली ते थरथरलं. ठण्.

उठून मागं वळलो तेव्हा उघड्या दारातून आतली खोली दिसली.

भिंती गडद होत होत्या. चारही एकदम, खालून वर, आवाज न करता. माझा निळा रंग झाकला गेला, मग त्याच्या वरचा पांढरा चुना. पाणी कुठंच नव्हतं. खोलीत नुसती दुपारची हवा होती, खिडकीतून ऊन आत आलेलं, त्या उन्हात धुळीचे कण. पण ते कण उडत नव्हते. तरंगत होते... संथ, एकाच बाजूला.

आक्का कॉटवर उताणी होती. रेघ कॉटच्या केव्हाच वर गेली होती. तिचं लुगडं अंगाला चिकटलेलं, काळपट झालेलं. तोंड उघडं. आणि तिची वेणी... वेणीचं टोक उशीवरून वर उचललं गेलं होतं आणि हलत होतं. वाऱ्यानं हलतं तसं नाही. लहानपणी आमच्या कॅनॉलमध्ये शेवाळ हलायचं, तसं.

मी काय केलं ते सांगतो. हात मेन स्विचवर गेला, कारण अंगात तेच मुरलंय. खटका खाली केला आणि आत शिरलो. आतल्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकला आणि पाय पुढं जाईना. कॅनॉलमध्ये छातीभर पाण्यातून चालायला किती जोर लागतो हे ज्यानं केलंय त्याला माहीत आहे. तसा जोर लावून मी कॉटपर्यंत गेलो. कानात दडे बसले. आक्काला दोन्ही हातांवर घेतली... आणि ती हलकी लागली. इतकी हलकी की मला रडू आलं. उंबरा ओलांडून पुढच्या खोलीत आलो तसं तिचं सगळं वजन एकदम हातांवर पडलं. तशीच तिला दाराबाहेर आणली आणि आम्ही दोघंही कट्ट्यावर कोसळलो.

रजियाभाभी धावत आल्या. आक्काला कुशीवर केली, पाठीत थोपटलं. ती खोकली आणि तोंडातून पाणी आलं. फार नाही, ओंजळभर.

पातेलं वाजतच होतं. मला त्या आवाजाचा राग आला. मी खड्ड्यात वाकलो, ते पातेलं उचलून फेकून द्यायला... आणि माझं लक्ष नळाच्या तोटीवर गेलं. पूर्ण उघडी. आमच्याकडे सगळ्यांचीच असते. पाणी कधी येईल म्हणून आपण ती दिवस-दिवस उघडी सोडतो, आणि त्या पाइपातून पाण्याशिवाय दुसरं काही येईल असा विचार कोण करतं? मी तोटी पकडली आणि आवळली. हाताला वळ उठेपर्यंत आवळली.

आवाज थांबला.

आत बघितलं. भिंती वरून खाली उजळत होत्या. टाकीचा बूच काढल्यावर पाणी उतरतं, तशी रेघ उतरत फरशीला टेकली आणि गेली.

रजियाभाभींनी माझ्याकडं बोट केलं. माझा शर्ट छातीपर्यंत ओला होता, वर कोरडा. खिशातून आडवी सरळ रेघ गेली होती. त्या हळू आवाजात काहीतरी पढल्या आणि मला म्हणाल्या, “आक्काला घेऊन जा, भैया. वापस मत लाना.”

दवाखान्यात पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली नव्हती. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तपासलं आणि म्हणाले, छातीत पाणी झालंय, लगेच काढावं लागेल. वेळेवर आणलंत. एक्स-रे लाइटवर लावून दाखवला. फुप्फुसाच्या काळ्या भागात खालून वर आलेला पांढरा भाग, आणि जिथं तो संपत होता तिथं रेघ.

डॉक्टरांनी रेघेवरून बोट फिरवलं. म्हणाले, “छातीतल्या पाण्याची कड साधारणपणे वाकडी असते, बाजूला वर चढलेली. ही फारच सरळ दिसतेय.” मग स्वतःशीच म्हणाले की काही केसेसमध्ये दिसते तशी.

पाठीतून सुई घालून पाणी काढलं. मी बाहेर उभा होतो. नर्स बाटली घेऊन शेजारून गेली. बाटलीतलं पाणी असं नितळ की पलीकडची तिची बोटं दिसत होती. आणि मला वास आला... पिण्याच्या पाण्यात टाकतात त्या टीसीएल पावडरचा. नळाला पाणी आल्यावर पहिल्या घागरीला येतो तो. दवाखान्यात तसल्या पावडरीचा वास कायमच असतो, हेही खरं. मी शपथेवर काही सांगू शकत नाही.

टीबी, हृदय, किडनी, सगळ्या तपासण्या झाल्या. सगळं नॉर्मल. मी डॉक्टरांना विचारलं, मग पाणी आलं कुठून? ते म्हणाले, कधी कधी कारण सापडत नाही. मीही गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो होतो का, असं मनात आलं. नाही. मी प्रत्येक वेळी कारण शोधून दिलं होतं.

आक्काला बरं वाटायला लागलं तेव्हा एकदा मी तिचे पाय चेपत बसलो होतो. तिला मी काहीच विचारलं नव्हतं. ती आपण होऊन बोलली.

“पाणी आल्यालं कळलं रं मला. पातेलं वाजलं. म्हटलं, उटावं, भरावं. बगती तर सगळं भरल्यालं. हंडं, पिंप, वाट्या... घरात एक भांडं रिकामं न्हाय. आन् पाणी येतंयच. लई स्वच्छ पाणी. वाया कसं घालवायचं?” तिनं पांघरूण वर ओढलं. “मंग म्हटलं, मीच हाय की रिकामी.”

मी तिचे पाय चेपत राहिलो.

दाजींना मी सगळं सांगितलं. आधी ते म्हणाले, तुमाला ऊन लागलं असंल. मग घरी गेले. आतल्या खोलीत खुंटीला त्यांचं ड्यूटीचं भगवं जॅकेट टांगलेलं असतं. ते खालून ओलं होतं, वरून कोरडं, आणि उन्हाळ्यातसुद्धा दुसऱ्या दिवसापर्यंत वाळलं नाही. त्यानंतर त्यांनी भिंतीच्या नाडीवरून चेष्टा केली नाही. ते तिथं एकटेच राहतात. नळ बंद ठेवतात, पाणी आलं की रजियाभाभी हाक मारतात. काही होत नाही. माझ्या पेन्सिलच्या खुणा अजून आहेत भिंतीवर.

वाचणारे विचारतील म्हणून सांगतो, मी चौकशी केली. तिथं विहीर होती का, तलाव होता का, कुणी बुडून गेलं का. जुन्या माणसांना विचारलं. काही नव्हतं. मुरमाड माळ होता, कुसळंसुद्धा धड उगवायची नाहीत. पाणी नव्हतं हीच त्या जागेची एकमेव गोष्ट.

आक्का तेव्हापासून माझ्याकडे आहे. आमच्या बिल्डिंगला टाकी आहे, नळाला कायम पाणी. तिला सुरुवातीला ते खरंच वाटायचं नाही, उगीच नळ सोडून बघायची आणि हसायची. मनीषाशी छान जमलं. अंग भरलं, खोकला गेला. मला वाटलं, संपलं. जिनं मला वाढवलं तिला मी वेळेवर बाहेर काढलं, एवढं तरी माझ्या हातून झालं.

मग आज सोसायटीनं टाकी धुवायला काढली. दिवसभर पाणी बंद. दुपारी जेवायला घरी आलो. जिना चढत होतो आणि वरून आवाज आला.

ठण्.

मी कसा वर पोचलो मला माहीत नाही. मनीषा बाहेर गेलेली. स्वयंपाकघरात आक्का सिंकजवळ स्टुलावर बसली होती, मांडीवर हात ठेवून, शांत. नळ पूर्ण उघडा. खाली तेच जर्मनचं पातेलं पालथं. तिच्या गाठोड्यात ते आलंय हे मला ठाऊक नव्हतं.

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, “आसं काय बगतूस? पाणी आल्यालं कळाय नको व्हय?”

मी नळ आवळला. बिल्डिंगमधल्या सगळ्या नळांच्या तोट्या जाऊन आवळाव्यात असं वाटलं. पातेलं पेपरात गुंडाळून गाडीच्या डिकीत टाकलं आणि लांब नेऊन टाकून आलो. परत येऊन तिच्या खोलीत गेलो, खाली बसलो आणि भिंतीच्या तळाशी बघितलं. काही दिसलं नाही. मीटर लावलं. कोरडी. मग हात ठेवायचा मला धीर होईना. शेवटी आक्काच्या लुगड्याची खालची कड हातात घेतली. घोट्याजवळची.

ओली होती.

“मोरीत गेल्ते,” ती म्हणाली. असेल. मोरीत गेली असेल. टाकी बंद होती, मोरीत पाणी नव्हतं, पण बादलीतलं घेतलं असेल. कड सगळीकडून सारखी ओली होती, गोल, सरळ.

मला या कशाचंच कारण सांगता येत नाही. कुणाला येत असेल तर सांगा, पण मीटर बिघडलं असेल एवढं सांगू नका. नवीन घेतलंय. एवढंच कळतं की या वेळी रेघ घोट्याला आहे, आणि मी उद्या बघू म्हणणारा माणूस नाही.

हे मोबाईलवर टाइप करतोय तो दवाखान्याच्या बाकावर बसून. आक्का आत एक्स-रे काढायला गेलीय. जाताना मला म्हणाली, उगं घाबरतूस, मला काय झालंय. आणि दारात जराशी खोकली.